बाकी काही नाही

वाईजवळच्या आमच्या गावी परसातल्या कडुनिंबावर गुळवेल आहे. कुणी लावली ते आता सांगता येणार नाही, मला कळायला लागल्यापासून ती तिथेच आहे. विड्याच्या पानासारखी पानं, कागदासारखी सुटणारी साल, नखाने खरवडली की आत हिरवीगार. वरून दोऱ्यासारखी मुळं लोंबतात, लहानपणी आम्ही त्यांना निंबाच्या जटा म्हणायचो. कडुनिंबावरची गुळवेल जास्त गुणाची असं मानतात, त्यामुळे तापाची साथ आली की गल्लीतलं कुणी ना कुणी कोयता घेऊन यायचं. आई कधी कुणाला नाही म्हणाली नाही.

२०२० साली मात्र सगळ्या गावालाच ती वेल हवी झाली. करोनावर औषध नव्हतं, लस यायची होती, आणि प्रतिकारशक्ती हा शब्द सकाळ-संध्याकाळ कानावर पडत होता. आयुष मंत्रालयाच्या सूचनांत तुळस, दालचिनी, मिरी, सुंठ, मनुका घातलेला काढा होता. ऑक्टोबरात करोनासाठी आयुर्वेदाची जी उपचारपद्धती जाहीर झाली, तिच्यात गुळवेल आणि अश्वगंधाही आली. आईचं त्याआधीच सुरू झालं होतं. वीतभर कांडं ठेचून रात्री पाण्यात टाकायचं, सकाळी सुंठ-मिरी घालून चार कपांचा एक कप होईपर्यंत आटवायचं आणि नाक धरून प्यायचं. त्या वेळी तिचं वय त्रेसष्ट. थायरॉईडची गोळी सोडली तर दुसरं औषध नाही. बाबा गेल्यापासून घरात एकटी. मी पुण्यात बँकेत, त्या वर्षी एकदाही सुट्टी नाही. जाता येत नव्हतं म्हणून मी वस्तू पाठवत राहिले. त्यात गुळवेलीच्या रसाची बाटली होती आणि गुळवेलीच्याच गोळ्यांची डबी होती. रस तीस मिलिलिटर पाण्यातून, गोळ्या सकाळ-संध्याकाळ दोन-दोन. आपण आईची काळजी घेतोय या समाधानात मी होते. एकाच वनस्पतीचे तीन प्रकार ती रोज पोटात घेत होती, याचा हिशेब दोघींपैकी कुणीच केला नाही.

डिसेंबरच्या शेवटी तिची अन्नावरची वासना उडाली. फोनवर म्हणायची, "अगं, भाकरी बघितली तरी मळमळतं." तिला पित्त वाटलं, मला एकटेपणा वाटला. जानेवारीत शेजारच्या काकूंनी तिचे डोळे उन्हात बघितले आणि कावीळ आहे म्हणाल्या. लघवी चहासारखी होत होती, हे आईला आठ दिवस आधीपासून माहीत होतं. सांगितलं नव्हतं.

पुढचे चार दिवस आम्ही कसे घालवले ते सांगायला लाज वाटते. पलीकडच्या वस्तीतून काविळीची माळ आली. गळ्यात घातली की ती लांबत जाते आणि कावीळ उतरते, असा समज. वनस्पतीचे ताजे तुकडे वाळून आकसतात, दोऱ्याचे वेढे सैल होतात, आणि निरोग्याच्या गळ्यातही माळ लांबतेच. पण माळेने निदान अपाय तरी केला नाही. अपाय दुसऱ्या गोष्टीने केला. गुळवेल काविळीवरही देतात, हे आईला माहीत होतं आणि ते खोटंही नाही, आयुर्वेदात कामला म्हणजे काविळीच्या औषधांत गुळवेल आहे. मग तिने काय करावं? एक कपाचे दोन कप केले. मीही फोनवरून म्हणाले, "चांगलं केलंस."

साताऱ्याच्या रक्ततपासणीत बिलिरुबिन ९ च्या वर निघालं, जे एक-सव्वाच्या आत हवं. एसजीपीटी हजाराच्या पुढे, जिथे चाळीसच्या आसपास असायला हवं. गाडी करून तिला पुण्याला आणलं. अ, ब, क, ई या सगळ्या विषाणूंच्या काविळीच्या तपासण्या नकारात्मक आल्या. सोनोग्राफीत खडा नाही, गाठ नाही. दारू तर लांबच राहिली.

आणि याच तपासण्यांच्या गडबडीत आईला एक प्रश्न तीनदा विचारला गेला. पहिल्यांदा अपघात विभागातल्या तरुण डॉक्टरने. "मावशी, कुठली औषधं चालू आहेत?" आई म्हणाली, "थायरॉईडची गोळी तेवढी. बाकी काही नाही." मी शेजारीच उभी होते, मीही मान डोलावली. दुसऱ्यांदा वॉर्डातल्या डॉक्टरीणबाईंनी जरा वाढवून विचारलं, वेदनाशामक, क्षयाची औषधं, कुठली पावडर वगैरे? "नाही हो, बाकी काही नाही." आम्ही खोटं बोलत नव्हतो. औषध म्हणजे जे मेडिकलमधून पाकिटात येतं ते. काढा हा काढा असतो. तो स्वयंपाकघरात होतो, चहाच्या पातेल्यात उकळतो, त्याची नोंद औषधात कशी होणार? आणि जो रस मी पाठवला होता, त्याच्या बाटलीवर हिरवं पान होतं, ती फळीवर मधाच्या बरणीशेजारी होती.

तिसऱ्या दिवशी यकृताचे डॉक्टर आले. त्यांनी औषध हा शब्दच काढला नाही. खुर्ची ओढून बसले आणि म्हणाले, "मावशी, सकाळी उठल्यापासून रात्री झोपेपर्यंत तुमच्या तोंडात काय काय जातं, ते क्रमाने सांगा. अगदी चहासुद्धा." आईने सुरुवातच काढ्याने केली. किती दिवस? "गणपतीच्या आधीपासून." म्हणजे पाच महिने. मग मी रसाचं सांगितलं, गोळ्यांचं सांगितलं. त्यांच्या चेहऱ्यावर ना राग ना विजय. एवढंच म्हणाले, "हे सगळं आजपासून बंद. आणि बाटली-डबी टाकू नका, मला बघायची आहे."

पुढे यकृताचा तुकडा काढून तपासला. रक्तात स्वतःच्याच पेशींविरुद्ध तयार झालेली प्रतिपिंडं सापडली. डॉक्टरांनी समजावलं ते मला असं कळलं: शरीराची संरक्षक फौज यकृतावरच चालून गेली होती. आईचा थायरॉईडचा आजार याच जातीचा, म्हणजे अशी उलटी चाल तिच्या शरीराला आधीपासून माहीत होती. आणि आम्ही पाच महिने त्या फौजेला चिथावत होतो. 'प्रतिकारशक्ती वाढवा' हे वाक्य ऐकताना ती कुणाविरुद्ध वाढणार आहे, हा प्रश्न मला कधी पडला नव्हता. तिला स्टेरॉईडच्या गोळ्या सुरू झाल्या. आठ दिवसांनी घरी सोडलं. आकडे हळूहळू उतरले, मे महिन्यात एसजीपीटी चाळिशीच्या आत आली आणि स्टेरॉईड त्यानंतरही कमी करत करत कित्येक महिने चालली. तिचा चेहरा सुजला, साखर वाढली, झोप गेली. हे सगळं एका 'निरुपद्रवी' गोष्टीपायी.

जुलै २०२१ मध्ये पेपरात बातमी आली. मुंबईच्या डॉक्टरांनी गुळवेल घेतल्यानंतर यकृताला इजा झालेल्या सहा रुग्णांची नोंद यकृतविज्ञानाच्या एका नियतकालिकात प्रसिद्ध केली होती. सगळे २०२० च्या शेवटच्या चार महिन्यांतले. मी बातमी दोनदा वाचली, जणू कुणी आमच्याच घरात येऊन लिहिली होती. आयुष मंत्रालयाने लगेच खुलासा केला की वनस्पती नक्की कुठली होती हे संशोधकांनी तपासलेलं नाही, गुळवेलीसारखी दिसणारी दुसरी एक जात आहे, टिनोस्पोरा क्रिस्पा, ती यकृताला घातक ठरू शकते. नातेवाइकांच्या व्हॉट्सअॅपवर दोन तट पडले. एक तट म्हणे ही परदेशी औषधकंपन्यांची चाल, दुसरा म्हणे आयुर्वेदच बंद करा. मला दोन्ही वाचवेनात.

आमचे भाऊकाका वैद्य आहेत, चाळीस वर्षं वाईत नाडी बघतात. ते घरी आले आणि आधी परसात गेले. वेलीचं खोड हातात धरून फिरवून बघितलं. त्या दुसऱ्या जातीच्या खोडावर फोडांसारखे उंचवटे असतात, ते म्हणाले. आमच्या वेलीवर तसे नव्हते. "वहिनी, ही अस्सल गुळवेल आहे." म्हणजे निदान काढ्यापुरता तो खुलासा आमच्या कामाचा नव्हता. बाटलीत आणि डबीत काय होतं, ते बनवणाऱ्यालाच माहीत. तिन्हींतल्या नेमक्या कशाने घात केला, हे आम्हाला कधीच कळणार नाही आणि मी ते कळल्याचा आव आणत नाही.

काकांना मी जरा तावातावानेच विचारलं, आता काय म्हणणं आहे तुमचं? ते शांतपणे म्हणाले, "मी ज्वराला देतो. माणूस बघतो, अग्नी बघतो, दिवस मोजून देतो आणि बंद करतो. पाच महिने रोज काढा, वर रस, वर गोळ्या, हे तुला कुठल्या वैद्याने सांगितलं होतं?" कुणीच सांगितलं नव्हतं. फॉरवर्ड आला होता. काकांचा युक्तिवाद मला पूर्ण पटतो असं नाही. योग्य मात्रेतही एखाद्याचं शरीर बिथरू शकतं, आणि २०२२ साली देशातल्या १३ केंद्रांतल्या ४३ रुग्णांचा मोठा अभ्यास आला, त्यातही निष्कर्ष असाच होता की गुळवेल अशा प्रकारचा यकृतदाह निर्माण करते किंवा आत दडून बसलेला आजार उघडा पाडते. पण काकांचा प्रश्न बिनतोड होता. ज्या परंपरेच्या नावावर आम्ही ते पीत होतो, तिच्यातला वैद्य आम्ही वगळला होता आणि फक्त वेल ठेवली होती.

एक गोष्ट मला आजही कोड्यात टाकते. आई दुधी चिरायच्या आधी देठाकडचा तुकडा चाखते. कडू लागला तर अख्खा दुधी उकिरड्यावर, किमतीची हळहळ न करता. काकडीचंही तेच. कडू दुधीत कुकुरबिटासिन नावाची विषारी द्रव्यं असतात, त्याच्या रसाने रक्ताच्या उलट्या होतात, रक्तदाब कोसळतो, माणसं दगावली आहेत, आणि त्यावर उतारा नाही. आयसीएमआरच्या तज्ज्ञ समितीनेही चव घेऊन बघा, कडू असेल तर टाकून द्या, असंच सांगितलं. आईला ते तिच्या आजीने शिकवलं होतं. म्हणजे घरच्या शहाणपणात सुरक्षेचा भाग होताच की! पण गुळवेल मुळातच कडू. तिथे जीभ काय इशारा देणार? उलट जितकं कडू तितकं गुणकारी, हा आमचाच समज.

बरी झाल्यावर आईने स्वतःहून एक वही केली. शंभर पानी, शाळकरी, वर गणपतीचं चित्र. त्या डॉक्टरांच्या प्रश्नाचीच ती वही आहे: तोंडात काय काय जातं. थायरॉईडची गोळी पंचाहत्तरची, पहाटे उपाशीपोटी. कॅल्शियमची गोळी, तिच्यानंतर चार तासांनी, कारण दोन्ही एकत्र घेतल्या तर थायरॉईडची गोळी नीट लागू पडत नाही. त्रिफळा, शनिवारी, अर्धा चमचा. गुडघ्याला तेल, "हे तोंडात नाही पण लिहिलं". मी हसले होते.

मार्च २०२३ मध्ये तिच्या थायरॉईडचा अहवाल भलताच आला. टीएसएच अगदी तळाला, दुसरा आकडा वर. म्हणजे गोळी जास्त होते आहे. डॉक्टर मात्रा कमी करण्याच्या बेतात होते. आईने पिशवीतून वही काढून टेबलावर ठेवली. त्यांनी पानं उलटली आणि एका ओळीवर बोट ठेवलं. स्टेरॉईडच्या काळात केस गेले होते म्हणून माझ्या वहिनीने तिला केसांच्या गोळ्या दिल्या होत्या. 'केसांची गोळी, बायोटिन १० मि.ग्रॅ., रात्री, दीड महिना.' माणसाला बायोटिन दिवसाला तीस-चाळीस मायक्रोग्राम पुरतं, ही त्याच्या अडीचशे पटीने जास्त. शरीराला त्याचा फारसा त्रास होत नाही, पण प्रयोगशाळेतल्या काही चाचण्याच बायोटिनच्या आधाराने चालतात, आणि रक्तात ते भरपूर असलं की थायरॉईडचे आकडे खोटे येतात. आठवडाभर गोळी बंद करून परत रक्त दिलं. टीएसएच २.८.

थायरॉईडची गोळी पंचाहत्तरचीच राहिली. वहीतल्या केसांच्या ओळीवर आईने काट मारून पुढे तारीख घातली आहे. गुळवेल अजून निंबावर आहे. न्यायला येणाऱ्याला आई आता विचारते, "कुणासाठी? आणि आणखी काय काय चालू आहे त्यांना?"