माऊस महाग घ्यावा की स्वस्त? माझ्या वहीतला हिशेब



आज ना लोणच्याचं, ना पर्वाच्या तयारीचं. आज कॉम्प्युटरच्या माऊसचं. हसू नका, कारण या एवढ्याशा वस्तूने मला पर्युषणात दोन रात्री जागवलं आहे.

मी १९८१ ची नागपूर विद्यापीठाची बी. कॉम. लग्न होऊन मूलला आले आणि पदवीचा कागद कपाटात गेला. १ जुलै २०१७ ला जीएसटी लागू झाला, तेव्हा आमचे हे म्हणाले, "आता हे पोर्टल-बिर्टल मला काही जमत नाही, तूच बघ." छत्तीस वर्षांनी डेबिट-क्रेडिट पुन्हा हातात आलं. दुकानाचं जमलं, हे पाहून मंदिराच्या देणगीच्या पावत्याही माझ्याकडेच आल्या. आपल्यात देवद्रव्याची धास्ती काय असते ते तुम्हाला सांगायला नको. नकळतसुद्धा एक रुपया इकडचा तिकडे व्हायला नको.

आणि २०२३ च्या पर्युषणात नेमके ५,१०० रुपये कमी भरले. वहीत जमा जास्त, पेटीत रोख कमी. तीनदा मोजलं. कोणी काही बोललं नाही, एका काकांनी नुसतं चष्म्यावरून पाहिलं. तेवढं पुरे झालं. हे म्हणाले, "आपल्या खिशातून घालून टाकू, विषय संपला." मी म्हटलं, नाही. पैसे भरून पेटी बरोबर होईल, वही चुकीचीच राहील.

दुसऱ्या रात्री सापडलं. एकाच भाविकाच्या नावाच्या दोन पावत्या, लागोपाठचे नंबर, तीच रक्कम, वेळही तीच. मी तर 'सेव्ह' एकदाच दाबलं होतं. सकाळी मुलासमोर एका फोल्डरवर एकदाच बोट दाबलं, तर ते आपोआप उघडलं. तो म्हणाला, "आई, तुझा माऊस एका क्लिकचे दोन करतोय."

गंमत अशी की तो माऊस घरातला सगळ्यात महाग होता. २,८०० रुपयांचा, मुलाने पुण्याहून हौसेने आणलेला. "आई, चांगला घे म्हणजे टिकेल," असं त्याचं म्हणणं. यांचं म्हणणं उलट: "दीडशेचा घ्यायचा, मोडला की दुसरा." बापलेकांचा वाद ऐकून मी जुनी बिलं काढली आणि वहीत मांडणी केली. किंमत भागिले चाललेले महिने.

पहिला २५० चा, वायरवाला. १४ महिने चालला. महिन्याला १८ रुपये. मानेशी वायर तुटली.

दुसरा बाजारातून १५० ला. ५ महिने. महिन्याला ३० रुपये. चाक घसरायला लागलं, मग बटणच बसलं.

तिसरा बिनवायरचा, ७०० चा. २८ महिने. महिन्याला २५, सेलचा खर्च वेगळा. नखाएवढा डोंगल हरवला आणि माऊस धडधाकट असून निकामी झाला.

चौथा हा २,८०० चा. २७ महिने. महिन्याला जवळजवळ १०४ रुपये!

म्हणजे दीडशेवाल्यापेक्षा अडीचशेवाला स्वस्त पडला, हे खरं. पण २,८०० दिल्यावर टिकाऊपणा अकरापट झाला का? नाही. मग जास्तीचे पैसे कशाचे? वेग, दिवे, जास्तीची बटणं, वर मऊ रबराचा थर. यातलं जीएसटी भरायला मला काहीच लागत नाही. तो रबराचा थर तर आपल्या चंद्रपूरच्या मे महिन्यात चिकट होऊन हाताला लागायला लागला.

खोक्यावर दोन कोटी क्लिकचा दावा होता. मी हिशेब केला. कामाच्या दिवशी तीन हजार क्लिक धरले, तरी वर्षाला नऊ लाख. सत्तावीस महिन्यांत वीस लाख, म्हणजे दाव्याचा जेमतेम दहावा हिस्सा. मग बिघडला कसा?

हे मला चंद्रपूरच्या रिपेअरिंगवाल्या पोराने उघडून दाखवलं. बटणाखाली हरभऱ्याच्या डाळीएवढा स्विच असतो, आणि त्यात धातूची एक पातळ पट्टी. ती टेकली की क्लिक. दावा असतो तो पट्टी किती वेळा दबू शकते याचा. पण माऊसमधून वीज अगदी थोडी जाते. धूळ, पावसाळी ओल यांनी टेकण्याच्या जागी बारीक थर चढला, किंवा पट्टीचा ताण कमी झाला, की ती टेकते, सुटते, पुन्हा टेकते. कॉम्प्युटरला दोन क्लिक वाटतात. आमच्याकडे तर धानाच्या गिरण्यांचा कोंडा हवेत. आणि असे पट्टीचे स्विच स्वस्तातही असतात, महागातही. काही महागड्या माऊसमध्ये आता प्रकाशावर चालणारे स्विच येतात, त्यात धातू धातूला टेकतच नाही, म्हणून हा दोष येत नाही. तेवढ्यासाठी जास्त पैसे दिले तर ते समजण्यासारखं आहे.

त्या पोराने स्विच बदलून दिला. दोनशे रुपये. तो माऊस आता सूनबाई वापरते आणि अजून चालतो आहे. तीन हजार भागिले चोपन्न महिने, दर महिन्याला ५६ रुपये. दुरुस्तीने भाव निम्मा केला.

माझ्यासाठी त्याच आठवड्यात पाचवा घेतला. साधा, वायरवाला, ४०० रुपयांचा, तीन वर्षांच्या वॉरंटीचा. यालाही आता सत्तावीस महिने झाले. महिन्याला १५ रुपये, आणि दर महिन्याला कमीच होत जाणार.

तर मैत्रिणींनो, माझं मत असं. अगदी तळाचा घेऊ नका, आणि टिकेल या आशेने फार वरचाही नको. मधला घ्या. घेताना किंमत शेवटी बघा. आधी वायर मानेशी जाड आणि लवचिक आहे का ते बघा, दोन्ही बटणं दाबून आवाज सारखा येतो का ते ऐका, रबराचा थर टाळा, पक्कं बिल घ्या. वॉरंटी किती वर्षांची, याइतकंच ती कुठे मिळते हेही विचारा. माझी बहीण अहेरीला असते. तिच्या माऊसची वॉरंटी कागदावर होती, पण तीनशेच्या वस्तूसाठी चंद्रपूरची बस कोण पकडणार? तिला मी सांगितलं, तू गावातल्या ओळखीच्या दुकानातूनच घे, तो हातोहात बदलून देईल. ते पन्नास रुपये जास्त द्यायला हरकत नाही.

एक अपवाद मात्र आहे. मनगट दुखत असेल तर पैशाकडे बघू नका. तळव्यात नीट बसणारा माऊस घ्या, दुकानात हात ठेवून बघून. तो खर्च माऊसवरचा नाही, हातावरचा आहे.

आणि जयणा! आपण पाणी गाळून घेतो, माठावर कापड बांधतो. तसं मी रात्री माऊसवर रुमाल टाकते. धूळ बसत नाही, आणि चातुर्मासात मुंगी, बारीक किडा आत शिरून चिरडत नाही. आठवड्यातून एकदा कोरड्या फडक्याने पुसते, वायर गुंडाळून ओढत नाही. महिन्यातून एकदा फोल्डरवर एकच क्लिक करून बघते. उघडला, की समजायचं, स्विचचे दिवस भरले.

त्या दिवशी दुकानात, "एक जास्तीचा घेऊन ठेवू, असू दे ड्रॉवरमध्ये," असं मनात आलं होतं. मग परिग्रहाचं घेतलेलं पच्चक्खाण आठवलं आणि एकच घेऊन आले.

५,१०० ची दुसरी पावती रद्द केली, वहीत कारण लिहिलं, खाली सही केली. संवत्सरीला ते चष्म्यावरून बघणारे काका आपणहून पुढे आले, हात जोडले आणि म्हणाले, "मिच्छामि दुक्कडम्, वहिनी." मीही हात जोडले. मनातल्या मनात त्यांना मीही बरंच काही बोलले होते ना!