पुसेगावच्या जनावरांच्या बाजारात मुलांना घेऊन

साताऱ्याहून दहिवडी-वडूजकडे जाणारी एसटी कोरेगाव मागे टाकून वर्धनगडाचा घाट चढते आणि पलीकडे उतरते, तशी हवाच बदलते. अलीकडचं ऊस-आल्याचं हिरवंगार शिवार संपतं आणि खटाव तालुक्याचा उघडा माळ सुरू होतो. घाट उतरला की थोड्याच वेळात येरळेकाठचं पुसेगाव. श्री सेवागिरी महाराजांचं समाधिस्थान म्हणून हे गाव सगळ्यांना माहीत आहे. मार्गशीर्षाच्या वद्य पक्षात इथं यात्रा भरते, रथ निघतो आणि भाविक त्या रथाला नोटांच्या माळा घालतात. वर्तमानपत्रात दरवर्षी फोटो येतो तो त्या नोटांनी झाकलेल्या रथाचाच. पण मी आज सांगणार आहे ते त्याच यात्रेतल्या जनावरांच्या बाजाराबद्दल. मुलांच्या शिक्षणाची इतकी चांगली जागा मला अजून दुसरी सापडलेली नाही, आणि मी शाळेत शिकवते म्हणून हे जरा जबाबदारीनं म्हणते आहे.

हल्ली शहराजवळ शेतावरच्या सहली निघाल्या आहेत. तिकीट काढायचं, मुलांनी शेळीला दोन पानं भरवायची, बैलगाडीतून एक चक्कर मारायची, हुरडा खायचा आणि घरी यायचं. वाईट काही नाही त्यात. आमच्या शाळेची एक सहल अशीच गेली होती आणि मुलं खूश होती. पण तिथली शेळी दिवसभर तेच करायला ठेवलेली असते. पुसेगावच्या माळावरचा प्रत्येक बैल, प्रत्येक शेळी ही कुणाच्या तरी घरातली असते आणि कुठल्या तरी घरी जायची असते. हा फरक मुलांना सांगावा लागत नाही, तो त्यांना दिसतो.

गेल्या मार्गशीर्षात माझे भाऊ आपली बैलजोडी विकायला पुसेगावला नेणार होते. माझं माहेर खटाव तालुक्यातच, कोरडवाहू. दादांची पाठ धरते, गडी मिळत नाही, ट्रॅक्टरवाला तासावर येऊन नांगरून जातो आणि कडब्याचा भाव तर विचारू नका! दावणीची ही शेवटची जोडी. "मुलांना कशाला आणताय, वन्सं? रडतील उगीच," असं वहिनींचं म्हणणं. आमच्या सासूबाईंचंही तेच मत पडलं. मला मात्र वाटलं, दर मे महिन्यात ज्या बैलांच्या पाठीवर बसून मुलांनी फोटो काढले, ते बैल पुढच्या मे महिन्यात नुसते 'नाहीत' असं कळण्यापेक्षा ते कुठं आणि कसे गेले हे त्यांनी बघावं. म्हणून निघण्याआधी दोघांना समोर बसवून सरळ सांगितलं, की मामा सर्जा-राजाला विकणार आहे आणि आपण त्या दिवशी मामाच्या मदतीला जाणार आहोत. मुलगा दहा वर्षांचा, मुलगी सात. मुलगी म्हणाली, "मग त्यांचं नाव बदलणार का?" याला काय उत्तर द्यायचं!

दादा टेंपोतून आदल्या रात्रीच पोचले होते. आम्ही पहिल्या गाडीनं गेलो. माळावर नुसती दावणीला दावण लागलेली. बहुतेक जनावरं खिल्लार. पांढरी-करडी, उंच, चपळ, आणि मागं वळून पुन्हा वर गेलेली लांब शिंगं. माणदेश, आटपाडी, सांगोला हा सगळा या जातीचा मुलूख. गाय दुधाला बेताचीच, पण बैल उन्हातान्हात, खडकाळ रानात चालणारा. थंडीच्या त्या सकाळी सगळ्या माळावर जनावरांच्या श्वासाची वाफ उठत होती आणि मधूनमधून चहाच्या शेगड्यांचा धूर. माझी मुलगी नाकाला रुमाल लावून उतरली. अर्ध्या तासात तो रुमाल कुठं पडला, तिलाही कळलं नाही.

मामानं दोघांना लगेच कामाला लावलं. आधी पेंड. रात्री भिजवलेली सरकीची पेंड आणि भरडा यांचा हातानं गोळा करायचा आणि तळहात अगदी सपाट ठेवून समोर धरायचा. "बोटं वाकवू नकोस, त्याला कळत नाही बोट कुठलं आन पेंड कुठली," मामा सांगत होता. बैलाची जीभ तळहातावरून गेली तशी मुलगी किंचाळली, "आई, खवणी आहे!" अगदी नारळाच्या खवणीसारखी खरखरीत. मग गोणपाटानं अंग पुसणं, शेण उचलून कडेला टाकणं (मुलानं आधी दोन बोटांनी, मग एका हातानं, मग दोन्ही हातांनी), बादलीतून पाणी. राजाच्या मानेखालच्या पोळीला हात लावून मुलगा म्हणाला, "याला ताप आहे." ताप नव्हता. बैलाचं अंग आपल्यापेक्षा जरा गरमच असतं. आपल्या मापानं शंभराच्या वर एक-दीड डिग्री हे त्याचं नेहमीचंच.

कानातल्या पिवळ्या बिल्ल्यावरचा बारा आकडी नंबर त्यानं वहीत उतरवून घेतला. हा बैलाचा आधार क्रमांकच म्हणायचा! शेजारच्या दावणीवरच्या एका म्हाताऱ्या बाबांनी मात्र सांगितलं, बिल्ला पडेल, नाकपुडी पडत नाही. प्रत्येक जनावराच्या नाकावरच्या रेषा वेगळ्या असतात, आपल्या अंगठ्याच्या ठशासारख्या. तेव्हापासून दोघंही दिसेल त्या बैलाच्या नाकाशी नाक नेऊन बघू लागले आणि माझा जीव वरखाली.

दहाच्या सुमाराला गिऱ्हाइकं फिरू लागली. पहिल्यांदा दात बघतात. बैलाला वरच्या बाजूला पुढचे दात नसतातच, हे माझ्या मुलांना काय, मलासुद्धा नीट ठाऊक नव्हतं! खाली आठ. साधारण दोन-अडीच वर्षांचा झाला की मधले दोन दुधाचे दात पडून मोठे येतात, तो दोनदाती. मग चारदाती, सहादाती, आणि पाचव्या वर्षाच्या सुमाराला आठही आले की 'जुळला'. त्यानंतर वय ओळखायचं ते दात किती झिजले त्यावरून. मामानं सर्जाचा ओठ उचलून मुलाकडून दात मोजून घेतले. माझ्या मुलीचे स्वतःचे पुढचे दोन दात तेव्हा पडलेले होते. एका शेतकऱ्यानं तिच्याकडे बघून गंभीरपणे विचारलं, "ही पाडी अजून आदतच दिसतीया, किती सांगता?" दावणीवर एकच हशा पिकला. आदत म्हणजे एकही कायमचा दात न आलेलं जनावर.

दातांनंतर खुर, खांदा, चाल आणि अंगावरची गोम. गोम म्हणजे केसांचा भोवरा. तो अमक्या जागी असला तर शुभ, तमक्या जागी असला तर बैल फुकट दिला तरी कुणी घेत नाही. मला यात काही तथ्य वाटत नाही, पण त्या भोवऱ्यापायी किंमत पडते हे खरं.

गिऱ्हाईक येईपर्यंत मुलांना एका जागी बसवून ठेवणं शक्यच नव्हतं. पलीकडच्या बाजूला शेळ्या होत्या. काळ्याभोर, लांब कानांच्या उस्मानाबादी. एका आजीबाईंनी मुलीला शेळीची धार काढायला बसवलं. चिमटीनं ओढू नये, अंगठा आत दुमडू नये, मुठीत धरून वरून खाली एकेक बोट मिटत यायचं. पाच मिनिटं झाली तरी थेंब नाही. शेळी वळून बघायला लागली. आणि मग एकदम चुर्र करून धार आली ती भांड्यात न जाता पोरीच्या फ्रॉकवर! आजी म्हणाल्या, "आली बघ. आता हात इसरायचा न्हाई." ते पेलाभर दूध त्यांनी प्यायला दिलं, ते मी चहाच्या शेगडीवर उकळून आणवलं. कच्चं दूध मुलांना पाजू नये, कितीही ताजं असलं तरी.

यात्रेत कृषी प्रदर्शनही असतं. ठिबकच्या नळ्या, फवारणीची यंत्रं, बियाणांचे फलक. मुलांनी ते पंधरा मिनिटांत उरकलं. पण तिथंच एका कडेला जुनी लाकडी पाभर ठेवली होती, वर चाडं, खाली नळ्या. चाड्यावर मूठ धरायची म्हणजे मुठीतून ज्वारीचा दाणा सारखा, न तुटता, न ओघळता सोडत राहायचा. माझी आई हे काम करायची. पेरणीला बैल पुरुषांच्या हाती आणि चाड्यावरची मूठ आईच्या हाती. त्या मुठीवर वर्षाचं धान्य. मी दोघांना मूठभर ज्वारी देऊन प्रयत्न करायला लावला. मुलाच्या मुठीतून सगळी एकदम गेली. मुलीची बरी होती. मग मीही धरून पाहिली. माझीही तुटत होती हो!

दुपारी दोनच्या सुमाराला दादांच्या दावणीवर दोन गिऱ्हाइकं एकाच वेळी ठरल्यासारखी उभी. एक जण ऊसतोडीच्या गाडीला जोडी बघत होता. तो जास्त देत होता. दुसरा माण तालुक्यातला, स्वतःची सहा-सात एकर चढउताराची जमीन, जिथं ट्रॅक्टर नीट फिरत नाही. शर्यतीच्या खोंडांचे भाव याच माळावर लाखांच्या गोष्टी करत होते. सर्वोच्च न्यायालयानं २०१४ मध्ये शर्यतींवर बंदी आणली, डिसेंबर २०२१ मध्ये अटी घालून परवानगी दिली आणि मे २०२३ मध्ये शर्यतींचा कायदा कायम केला, तेव्हापासून पळणाऱ्या बैलाला मोल आलं. नांगराच्या बैलाचं तसं नाही. तेव्हा चार पैसे जास्त मिळत असताना सोडणं दादांना सोपं नव्हतं. घरातल्या लग्नाचं कर्ज अजून फिटायचं आहे.

मुलगा मधेच म्हणाला, "मामा, ऊसगाडीला किती ओझं असतं?" दादा काही बोलले नाहीत. थोड्या वेळानं उठून त्या माणच्या शेतकऱ्याला त्यांनी बाजूला घेतलं. दोघांनी टॉवेल हातावर टाकला आणि टॉवेलाखाली बोटं धरून सौदा सुरू झाला. या रीतीत कुणाला भाव ऐकू जात नाही, नुसते चेहरे दिसतात. मुलं टॉवेलाकडे टक लावून बघत होती. एकदा दादांनी हात काढून घेतला, एकदा त्यानं. तिसऱ्यांदा दोघांनी माना हलवल्या. किती ठरलं ते मी लिहीत नाही, दादांना आवडायचं नाही. ऊसगाडीवाला देत होता त्याहून कमी, एवढंच.

विसार दिला-घेतला. आमच्याकडे जनावर विकलं तरी त्याचं दावं देत नाहीत. नव्या मालकानं आपली दावी आणली होती. मुलानं सर्जाच्या गळ्यातलं जुनं दावं सोडलं, मामानं राजाचं. घुंगुरमाळ मुलीच्या हातात आली. ती रडली. मुलगा रडला नाही, पण परतीच्या वाटेवर त्यानं भेळ नको म्हटलं, यावरून काय ते समजा. आणि दादा पाण्याची बादली धुवायला म्हणून गेले ते वीस मिनिटं आलेच नाहीत. २०१२-१३ च्या दुष्काळात माण-खटावात चारा छावण्या लागल्या होत्या, तेव्हा आबा आमच्या आधीच्या जोडीबरोबर छावणीतच झोपायचे. त्यामुळं आबा त्या दिवशी का आले नाहीत, हे मला कुणी सांगायची गरज नव्हती.

तुम्ही मुलांना घेऊन जाणार असाल तर दोन-चार गोष्टी ध्यानात ठेवा. रथाच्या दिवशी लहान मुलं नेऊ नका, गर्दीत चालवत नाही. आधीचा एखादा दिवस धरा. शिवाय बाजार भरणार आहे ना, याची चौकशी करून निघा. २०२२ मध्ये लम्पीच्या साथीमुळं राज्यभर जनावरांचे बाजार बंद करावे लागले होते. पायात बूट हवेत, चपला नकोत. जनावराच्या मागून जाऊ देऊ नका. समोरून, आधी हाक मारून, मालकाला विचारून मगच हात लावायचा. साबणाची वडी आणि पाण्याची बाटली जवळ असू द्या, आणि हात धुतल्याशिवाय तोंडात काही जाऊ देऊ नका. मुलाच्या दंडावर पेननं तुमचा फोन नंबर लिहा. घाटात गाडी लागणाऱ्यांसाठी आवळासुपारी. भाकरी-चटणी घरून न्यावी, दावणीवर बसून खाण्यात जी गंमत आहे ती हॉटेलात नाही. आणि घायपाताचे दोर वळणारे दिसले तर मुलांना फिरकी फिरवायला जरूर द्या. ते नाही म्हणत नाहीत.

तिसऱ्या दिवशी संध्याकाळी दादांचा फोन आला. माणहून त्या शेतकऱ्यानं मुद्दाम कळवलं होतं. दोन दिवस जोडीनं वैरणीला तोंड लावलं नव्हतं, आज सकाळी राजानं पेंड खाल्ली आणि त्याचं बघून सर्जानंही. मी हे मुलांना सांगितलं. मुलानं वहीतून मान वर केली आणि विचारलं, "हात सपाट धरला होता ना त्यांनी?"