बावखलातला गाळ

उन्हाळा सरत आला की आजोबा बावखलाचा गाळ उपसायला घेत. वसईच्या आमच्या वाडीत तो काळाभोर गाळ केळींच्या आळ्यांत पडे. एकदा मी तो काचेच्या बरणीत पाण्यात कालवून खिडकीत ठेवला. वाळू पाहता पाहता तळाशी बसली, तिच्यावर पोयटा यायला संध्याकाळ झाली. चिकणमातीने मात्र आणखी दोन दिवस पाणी गढूळच ठेवले.

कारण महाविद्यालयात समजले. जॉर्ज स्टोक्स यांनी १८५१ साली मांडलेल्या नियमानुसार बारीक कणाचा व्यास निम्मा झाला की संथ पाण्यात त्याचा खाली जाण्याचा वेग चौथ्या हिश्शावर येतो. खाऱ्या पाण्यात मात्र चिकणमातीचे कण एकमेकांना बिलगतात, जड होतात आणि लवकर बसतात. खाडीकाठी आपला पाय रुततो, तो चिखल पुष्कळसा असाच साचलेला.

त्याच वर्गात निकोलस स्टेनो हे नाव कानी आले. जन्माने डॅनिश, पंथाने लुथरन. १६६७ साली ते कॅथलिक झाले आणि १६६९ साली फ्लॉरेन्समध्ये त्यांचा ग्रंथ छापला गेला. गाळ बसतो तो आडवा. खालचा थर बसला तेव्हा वरचा नव्हताच. इतके साधे सांगणे, पण त्यावर पृथ्वीचा इतिहास वाचता येऊ लागला! पुढे ते बिशप झाले. १९८८ साली पोप जॉन पॉल दुसरे यांनी त्यांना धन्य घोषित केले. (आमच्या प्राध्यापकांनी हा उत्तरार्ध सांगितला नव्हता.)

यंदा धाकटा भाऊ म्हणाला, "दादा, बावखल बुजवून टाकू. पाणी कोण काढतो आता? डास तेवढे होतात." त्याचे खोटे नव्हते. रहाट कधीच मोडला, घरात नळ आले. पण पावसाचे पाणी तेथे मुरते म्हणून शेजारची विहीर गोड आहे, हेही खरे. कागदावर माझी सही हवी होती.

मी फावडे घेऊन कोरड्या तळात उतरलो. वर प्लास्टिकच्या पिशव्या गुंतलेला गाळ, त्याखाली कुजलेला पाला, आणि गुडघाभर खणताच पिवळसर रेती. आजोबांचे फावडे दरवर्षी थांबे, ती हीच. त्यांच्या काळाचा थर मी शोधत होतो. तो तेथे असणार कसा? तो त्यांनी केळींना घातला होता. साचले होते ते सारे आम्हां भावांच्या कारकिर्दीतले.

वर येऊन मी भावाला गाळ उपसण्याची मजुरी विचारून यायला सांगितले. तो हसला, पण सायकल काढून गेला.