प्रकल्पग्रस्त

‘प्रकल्पग्रस्त’ हा शब्द धरणाखाली ज्यांची घरेदारे आणि शेती गेली त्यांच्यासाठी निघाला. त्यांचे दुःख खरे आणि मोठे आहे. त्यांची क्षमा मागूनच मी तो घटकाभर उसना घेतो. कारण ज्याच्या घरात चौथी ते दहावी या टापूतले एखादे मूल आहे, तो गृहस्थही आज एका परीने प्रकल्पग्रस्तच आहे. फरक एवढाच की, त्याला पर्यायी जमीन कुणी देत नाही. उलट घरात जी काय चार फरशांची मोकळी जमीन असते, ती खळ, कातरलेले कागद आणि रंगाचे पाणी यांच्याखाली जाते.

शाळेच्या प्रकल्पाचे काही नियम आहेत. पहिला नियम असा की, त्याची बातमी घरात रात्री साडेनऊच्या आधी फुटत नाही. दुसरा नियम, तो उद्याच द्यायचा असतो. आणि तिसरा नियम असा की, साडेदहाला मूल झोपते आणि प्रकल्प मात्र जागा राहतो. त्याच्या सोबतीला आईवडील!

आम्हा ओझरकरांना खरे म्हणजे प्रकल्प हा शब्द नवा नाही. १९६४ साली इथे मिग विमानांचा कारखाना आला आणि निफाड तालुक्यातले हे गाव नकाशावर ठळक झाले. इतके की, गावाच्या नावाला शेपटासारखे ‘मिग’ चिकटले. मिग-२१ विमानाने २०२५ च्या सप्टेंबरात हवाई दलाचा रीतसर निरोप घेतला. पण ‘ओझर मिग’वर उतरणारे आमचे पाहुणे अजून तिथेच उतरतात. योगायोग पाहा, ज्या १९६४ साली आमच्याकडे कारखाना आला, त्याच साली दिल्लीत कोठारी आयोग बसला, आणि १९६६ च्या त्याच्या अहवालातून ‘कार्यानुभव’ शाळेच्या दारात येऊन उभा राहिला.

तशी ही कल्पना त्याहूनही जुनी. किलपॅट्रिक नावाच्या अमेरिकन प्राध्यापकाने १९१८ मध्ये प्रकल्पपद्धतीवर एक निबंध लिहिला. १९३७ साली वर्ध्याच्या परिषदेत गांधीजींनी नयी तालीम मांडली : मुलांनी हाताने काम करता करता डोक्याने शिकावे. एवढ्या थोर विचारातून आमच्या पिढीच्या वाट्याला जे आले ते म्हणजे टकळी. तिच्यातून सूत कमी आणि गुंता जास्त निघे. पुढे कार्यानुभवाच्या तासाला खडू, कागदी फुले आणि काथ्याची पायपुसणी आली. मी केलेले पायपुसणे आईने पुष्कळ वर्षे जपून ठेवले होते. पण त्याच्यावर पाय पुसायची छाती घरात कुणाची झाली नाही.

आताच्या प्रकल्पांच्या जाती ठरलेल्या आहेत. पहिली जात ज्वालामुखीची. खायचा सोडा आणि व्हिनेगर यांच्या जोरावर आमच्या गोदाकाठच्या सपाट मुलखात दरवर्षी जितके ज्वालामुखी फुटतात तितके जपानातही फुटत नसतील. दुसरी जात पवनचक्कीची. तिसरी ‘पर्यावरण वाचवा’ची; ही बहुतेक थर्माकोलची असते. २०१८ साली महाराष्ट्रात प्लॅस्टिकबरोबर थर्माकोलच्या वस्तूंवर बंदी आली, तेव्हा कितीतरी घरांतल्या पर्यावरणप्रेमाची पंचाईत झाली होती. आणि चौथी जात विकतच्या प्रकल्पांची. एका दुकानदाराला मी गिऱ्हाइकाशी बोलताना ऐकले आहे : “काय देऊ, प्रदूषण का दुष्काळ? दुष्काळ संपलाय, उद्या येईल.”

त्यातून आमच्या गावाची आणखी एक अडचण आहे. इथल्या पुष्कळ मुलांचे वडील किंवा आजोबा विमानाच्या कारखान्यातले. ज्या माणसाने उभा जन्म मायक्रोमीटर लावून सुटे भाग तपासले, त्याच्याने मुलाची वाकडी पवनचक्की बघवेल कशी? एका तिसरीतल्या मुलाच्या पवनचक्कीला बेअरिंग होते, रिव्हेट होते आणि पाती अशी बेतलेली की, पंखा लावल्यावर ती टेबलावरून उडते की काय असे वाटावे. बाईंनी कौतुकाने विचारले, “हे रे कधी केलंस?” मुलगा खरे बोलणारा निघाला. म्हणाला, “सेकंड शिफ्टला!”

यातून बाहेर पडायची वाट कुणी दाखवलीच नव्हती असे नाही. १९९३ साली राष्ट्रीय बालविज्ञान परिषद सुरू झाली. दहा ते सतरा वर्षांच्या मुलांनी आपल्या गावातला प्रश्न घ्यायचा, स्वतः हिंडून माहिती जमवायची, आपल्या भाषेत मांडायची, हे तिचे सूत्र. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाने तर सहावी ते आठवीच्या मुलांनी दहा दिवस दप्तर घरी ठेवून सुतार, माळी, कुंभार यांच्यापाशी शिकावे असे लिहून ठेवले आहे. पण वाट दाखवणे निराळे आणि रात्री साडेनऊला बापाच्या हातातली कात्री काढून घेणे निराळे.

मागच्या हिवाळ्यात मात्र आमच्या भागातल्या आठ-दहा शाळांच्या मास्तरमंडळींनी एकत्र बसून प्रदर्शन भरवायचे ठरवले आणि तीन अटी घातल्या. पहिली, थर्माकोल नाही. दुसरी, पालकांनी हात लावायचा नाही. तिसरी, ज्याचे उत्तर पुस्तकात नाही असाच प्रश्न घ्यायचा. दुसऱ्या अटीने पालकवर्गात घबराट पसरली. “मग आम्ही करायचं काय?” असे एका गृहस्थांनी सभेत उभे राहून विचारले. “मुलांनी काही विचारलं तर तेवढं सांगा,” असे उत्तर मिळाले.

विचारायला मुले सुटली ती टोळधाडीसारखी. पंधरा दिवस गावात वही-पेन्सिलीशिवाय पोर दिसेना. एका शाळेच्या मुलांनी विमानाचा आवाज धरला. डोक्यावरून विमान गेले की, बाईंचे वाक्य कुठे तुटते आणि किती वेळाने पुन्हा सुरू होते याची त्यांनी नोंद ठेवली. (विमान नसतानाही बाई मधे थांबतात, हा शोध त्यांना अनायासे लागला, तो त्यांनी शहाणपणाने तक्त्यात घातला नाही.) दुसऱ्या शाळेच्या मुलांनी पहाटे उठून तापमान मोजले. थंडीत निफाडचा पारा उतरला की, कुंदेवाडीच्या गहू संशोधन केंद्रातला आकडा पेपरात येतो. आपल्या अंगणातला आकडा त्याच्याशी जुळतो का, एवढाच त्यांचा प्रश्न. पण त्यापायी तीस घरांतली माणसे कुडकुडत सहाला उठली. तिसऱ्या शाळेने कांदा घेतला. चाळीतल्या कांद्याची एकच टोपली दर आठवड्याला वजन करायची आणि किती घट झाली ते लिहायचे. ज्याच्या घरात पिढ्यान् पिढ्या कांदा पिकतो तो शेतकरीही “या खेपेला किती भरला रे?” म्हणून पोरांच्या मागे हिंडू लागला.

आमच्या नातीच्या गटाने पाणी घेतले. ओझरमध्ये पाणी हा विषय घ्यायचा म्हणजे वाघाडची गोष्ट आलीच. वाघाडचे धरण दिंडोरी तालुक्यात आणि ओझर त्याच्या कालव्याच्या शेपटाला. शेपटाला असणे म्हणजे पंगतीत अगदी शेवटच्या पाटावर बसणे. जिलबी निघाल्याचे कानावर येते, पण ती पानापर्यंत येत नाही. समाज परिवर्तन केंद्राच्या बापू उपाध्ये, भरत कावळे या मंडळींनी इथल्या शेतकऱ्यांना एकत्र बसवले आणि १९९०-९१ च्या सुमारास महात्मा फुले, जय योगेश्वर आणि बाणगंगा अशा तीन पाणीवापर संस्था उभ्या राहिल्या. पाणी मोजून घ्यायचे, आपसात मोजून वाटायचे, पट्टीही आपणच गोळा करायची. पुढे वाघाडच्या साऱ्या लाभक्षेत्रात अशा संस्था झाल्या. शेतकऱ्यांनीच सिंचनाचे व्यवस्थापन करावे असा कायदा राज्याने २००५ साली केला, तेव्हा आमच्या शेपटाकडच्या मंडळींच्या गाठीशी चांगला दीड दशकाचा अनुभव होता.

पोरे एका म्हाताऱ्या शेतकऱ्याच्या मळ्यात गेली. पोचवायला म्हणून मी बरोबर होतो. अटीप्रमाणे तोंड मिटून. आवर्तन म्हणजे काय, चारी कशाला म्हणतात, रात्रीचे पाणी कोण धरतो, सगळे विचारून झाले. शेवटी आमच्या नातीने विचारले, “बाबा, तुमची आधी भांडणं व्हायची ना? मग ती बंद कशी झाली?”

म्हातारा हसला. म्हणाला, “बंद कुठं झाली? आधी आम्ही पाण्यावरून भांडायचो. मंग मोजाया लागलो, आन् आकड्यावरून भांडाया लागलो. आकड्याचं भांडण मिटतं पोरी. नुसत्या पाण्याचं नाय मिटत.”

हे वाक्य तिने वहीत लिहून घेतले. पण वहीत लिहिलेले वाक्य तिथेच राहील तर ते मूल कसले! दुसऱ्या दिवशी ही पाच जणांची पलटण एका नळापुढे जाऊन बसली. हा नळ कुठला ते मी सांगणार नाही. एका मैदानाच्या कडेला आहे एवढे पुरे. दोन वर्षे तो गळत होता आणि त्याच्या गळण्यावर तीन पक्षांचे मतभेद होते. पहिला म्हणे, नळ आमचा पण पाइप त्यांचा. दुसरा म्हणे, पाइप आमचा पण नळ त्यांचा. तिसरा म्हणे, वापरणारे भलतेच, आम्ही का खर्च करायचा? तिघांची पत्रे एकमेकांना जात होती आणि पाणी गटारात जात होते.

पोरांनी नळाखाली एक लिटरची बाटली धरली. भरायला बारा मिनिटे लागली. पुन्हा धरली; पुन्हा बारा. वेगवेगळ्या वेळी, वेगवेगळ्या दिवशी, रविवारी सकाळीसुद्धा धरली. तासाला पाच लिटर. दिवसाला एकशेवीस. वर्षाला त्रेचाळीस हजार आठशे. म्हणजे दहा हजार लिटरचे चार टँकर रिकामे होऊन वर थोडे उरेल. हा हिशेब त्यांनी स्वतःच्या किरट्या अक्षरात लिहिला, खाली पाच सह्या केल्या आणि तिन्ही पक्षांना नेऊन दिला.

आणि म्हाताऱ्याचे म्हणणे खरे झाले. दोन वर्षे पाण्यावरून चाललेले भांडण आता आकड्यावरून सुरू झाले. “एकशेवीस कसे? माझ्या मते साठ.” “बरं, साठ तर साठ. पण गळतंय ना?” हे एकदा कबूल झाल्यावर बोलायला फारसे उरले नाही. चौथ्या दिवशी प्लंबर आला, त्याने एक वॉशर बदलला आणि पंधरा मिनिटांत गेला.

इथे गटावर संकट कोसळले. प्रदर्शनाला नऊ दिवस उरलेले आणि प्रकल्पच आटला! कांद्यावाल्यांकडे टोपली होती, विमानवाल्यांकडे भलामोठा तक्ता होता. यांच्याकडे काय? एक रिकामी बाटली, एक वही आणि न गळणारा नळ. न गळणारे नळ तर सगळ्यांकडेच असतात. नात दोन दिवस धड जेवली नाही. “प्रदर्शन होईपर्यंत गळू द्यायचा होता की!” असे एका हितचिंतक काकांनी सुचवले. ती म्हणाली, “काका, रोजचं एकशेवीस लिटर!” काका गप्प झाले, पण डोळ्यांतले पाणी तिने मोजलेले नव्हते.

प्रदर्शनाच्या दिवशी कांद्यापुढे ही गर्दी! आमच्या मंडळींच्या टेबलापुढे माणसे यायची, रिकामी बाटली बघायची आणि “इथं अजून मांडायचंय का?” असे विचारून पुढे जायची. परीक्षक बाई मात्र थांबल्या. त्यांनी वही चाळली आणि विचारले, “नळ दुरुस्त झाल्यावर काय केलंत?”

“पुन्हा मोजलं.”

वहीचे शेवटचे पान उघडले. नळ दुरुस्त झाल्यापासून रोज शाळा सुटल्यावर बाटली तासभर नळाखाली ठेवलेली आणि पुढे आकडा लिहिलेला : शून्य, शून्य, शून्य… आठ दिवसांची आठ शून्ये, एकाखाली एक, तारखेनिशी. बाईंनी ती मोठ्याने वाचून दाखवली आणि आजूबाजूच्या लोकांनी टाळ्या वाजवल्या. सारा जन्म मार्कांच्या राज्यात गेलेल्या मला शून्याला टाळ्या पडताना ऐकायची ही पहिलीच खेप.

पहिले बक्षीस कांद्याला गेले आणि ते रास्तच होते. त्यांनी तीन महिने टोपली सोडली नव्हती. पाहुण्यांत मळ्यातला तो म्हातारा शेतकरीही होता. त्याला मंचावर बोलावले तर तो आला नाही. पोरांच्या बाकावर बसून वहीतला गुणाकार बोटांवर पडताळत राहिला. “बराबर हाय,” एवढेच त्याने सांगितले. नातीने त्या रात्री दोन पोळ्या जास्त खाल्ल्या.

मग भाषणे झाली. मुले ही देशाची संपत्ती आहेत, बालपण हे फुलासारखे असते, आमच्या वेळी असे काही नव्हते, इत्यादी इत्यादी. प्रमुख पाहुणे ‘दोनच शब्द’ बोलायला उभे राहिले. ते ऐन भरात आले असताना माझे लक्ष बाकांकडे गेले. आमची पलटण मान खाली घालून काहीतरी लिहीत होती. एकीच्या हातात घड्याळ होते.

पुढच्या वर्षीचा विषय ठरला आहे, असे कळते.