काठावरचा कॅमेरा

माझ्या मुलीला कॅमेरा हवा होता आणि तो मीच निवडावा, असा तिचा आग्रह होता. "बाबा, तुम्ही एक पुस्तक घ्यायचे तर चार आवृत्त्या ताडून पाहता, तेव्हा हे काम तुमचेच," असे म्हणून ती मोकळी झाली. गेली चार वर्षे सवड मिळेल तेव्हा ती दिल्लीहून ऋषिकेशला जाते आणि शिवपुरीच्या खाली गंगेत कयाक चालवते. कयाक म्हणजे एका माणसापुरती अरुंद होडी. कमरेभोवतीचा रबरी पडदा होडीच्या तोंडावर घट्ट ताणून बसवला की माणूस आणि होडी यांचे एकच शरीर होते. साहजिकच होडी उलटली की माणसाचे डोके पाण्याखाली लोंबकळू लागते. अशा वेळी वल्ह्याचा आधार घेऊन, कमरेच्या एका हिसक्याने पुन्हा वर यायचे, ही या विद्येची बाराखडी होय.

तेथील खळाळांना 'रोलर कोस्टर', 'गोल्फ कोर्स', 'थ्री ब्लाइंड माइस' अशी नावे आहेत. पुराणांनी पावलापावलावर तीर्थे नोंदवलेल्या त्या खोऱ्यात ही नावे ऐकताना माझ्यासारख्याला प्रथम अवघडल्यासारखे होते. मग सवय होते. गेल्या फेब्रुवारीत 'गोल्फ कोर्स'च्या काठावरील खडकावर मी माझा जुना, लांब भिंगाचा कॅमेरा घेऊन उभा होतो. हिवाळ्यातले पाणी हिरवेगार होते. तिची होडी दुसऱ्या लाटेवर आडवी झाली आणि उलटली. पहिल्या प्रयत्नात ती वर आली नाही. दुसऱ्यातही नाही. मला दिसत होता तो फक्त होडीचा पिवळा तळ. एवढ्यात माझ्या शेजारी उभा असलेला गढवाली प्रशिक्षक दोराची पिशवी घेऊन गुडघाभर पाण्यात उतरला आणि त्याची पाठ माझ्या चौकटीत आली. ती आड आली म्हणून मला त्याचा राग आला.

तिसऱ्या प्रयत्नात ती वर आली, खोकली, आणि वल्हवीत पुढे निघून गेली. नंतर चित्रफितीवर मोजले, तेव्हा हा सारा प्रकार नऊ सेकंदांत आटोपला होता, असे आढळले. या नऊ सेकंदांत कॅमेरा माझ्या डोळ्यापासून एकदाही ढळलेला नाही. चित्र स्वच्छ आहे, चौकट नेटकी आहे. त्या नेटकेपणाची मला आजही लाज वाटते. प्रशिक्षकाविषयीच्या त्या रागाबद्दल मी घरात कोणाला सांगितले नाही. येथे प्रथमच लिहीत आहे.

कॅमेऱ्याची निवड करायला बसलो तो या पार्श्वभूमीवर. साहसी खेळांच्या चित्रणासाठी आज जे काड्यापेटीहून थोडे मोठे कॅमेरे मिळतात, त्यांचा इतिहास मला मोठा मनोरंजक वाटला. 2002 मध्ये निक वुडमन या लाटांवर फळी चालवणाऱ्या अमेरिकन तरुणाला स्वतःच्याच खेळाची छायाचित्रे घ्यायची होती. त्यासाठी कॅमेरा मनगटाला बांधण्याची युक्ती त्याने शोधली. 'गोप्रो' या त्याच्या कंपनीचा 2004 मधला पहिला कॅमेरा साध्या 35 मिलिमीटरच्या फिल्मवर चालणारा होता. 2006 च्या कॅमेऱ्यात चलच्चित्र आले, तेही एका वेळी दहा सेकंदांचे. आमच्या नऊ सेकंदांना ते पुरले असते.

आता आकड्यांचे रान माजले आहे. चित्रपटगृहात दर सेकंदाला 24 चित्रे सरकतात. हे कॅमेरे 60, 120, काही तर 240 चित्रे टिपतात. 240 ने टिपलेले 24 ने दाखवले की एका सेकंदाचे दहा सेकंद होतात. भयाने हे काम यंत्रावाचूनच केले असल्यामुळे त्या गुणाचे मला विशेष अप्रूप वाटले नाही. चित्रण जितके सूक्ष्म तितकी साठवण मोठी: सेकंदाला 100 मेगाबिट या गतीने तासाभरात सुमारे 45 गिगाबाइट भरतात, म्हणून कार्डही त्या गतीला टिकणारे लागते. बॅटरी थंडीत लवकर दम सोडते, आणि गंगेचे पाणी फेब्रुवारीत कसे असते ते काठावरच्यालाही कळते. ड्रोनचा विचार मी एका वाक्यात संपवला. अरुंद घळीतला वारा आणि वर घोंघावणारी ती माशी, दोन्ही मला नकोत.

चित्राच्या स्थिरीकरणावर मात्र घुटमळलो. कॅमेऱ्यातील गतिमापक हादरा ओळखतो आणि चित्राच्या कडांचा थोडा भाग खर्ची घालून उरलेले चित्र स्थिर ठेवतो. 2018 पासून ही करामत इतकी सुधारली की खडकांवरून आपटत चाललेली सायकलसुद्धा डांबरी रस्त्यावरून गेल्यासारखी दिसते. पाहणाऱ्याच्या डोळ्यांना हे सुखाचे खरे. पण ज्या हादऱ्यासाठी माणूस तेथे गेला, तोच पुसून टाकायचा हे मला पटेना. दुसरा प्रकार सर्व दिशांना एकदम पाहणाऱ्या, दोन भिंगांच्या कॅमेऱ्याचा. त्यात कोठे पाहायचे ते नंतर, घरी बसून ठरवता येते. माझ्यासारख्या निर्णय लांबणीवर टाकणाऱ्या माणसाला हा मोह मोठाच होता. परंतु दोन्ही बाजूंना फुगून आलेली ती भिंगे खडकावर घासली की संपलीच.

खरा प्रश्न डोळा कोठे ठेवायचा, हा होता. 1936 च्या बर्लिन ऑलिंपिकवर लेनी रीफेनश्टाल यांनी केलेला 'ओलिम्पिया' हा चित्रपट 1938 मध्ये आला. त्यासाठी मैदानात खड्डे खणून कॅमेरे बसवले होते. त्यामुळे उडी घेणारा खेळाडू आकाशाच्या पार्श्वभूमीवर देवासारखा दिसतो. जागा बदलली की माणूस बदलतो. काठावरचे लांब भिंग अंतरे दाबून टाकते, लाटांवर लाटा रचते आणि पाणी असेल त्याहून उग्र दाखवते. उलट हेल्मेटवरचे रुंद भिंग उतार सपाट करते आणि समोरच्या भिंतीएवढ्या लाटेला शेताच्या बांधाएवढी करून टाकते. शिवाय त्यात नाव चालवणारा दिसतच नाही. दिसतात फार तर त्याचे हात. चरित्र आणि आत्मचरित्र यांच्यातला हा जुना तंटा आपल्याला अपरिचित नाही, मात्र तो मला असा बाजारात भेटेल असे वाटले नव्हते.

माझा कौल काठाकडे होता. शिकण्याच्या दृष्टीनेही तेच बरे, असे मी मुलीला सांगितले; आपली चूक आपल्याला बाहेरूनच दिसते. तिने वाद घातला नाही. आपल्या मैत्रिणीने उसन्या दिलेल्या हेल्मेट-कॅमेऱ्याची, त्याच फेब्रुवारीतली चित्रफीत तिने माझ्यापुढे लावली. ती मी तोवर पाहिली नव्हती. हिरवा अंधार, बुडबुडे, मग एकदम आकाशाचा तुकडा, आणि पुन्हा हिरवा अंधार. "आता पाहा," ती म्हणाली, "येथे होडी अजून पालथी आहे आणि मला आकाश दिसले. म्हणजे मी डोके आधी वर काढले. डोके सर्वांत शेवटी यायला हवे. दोन्ही वेळा तेच केले, म्हणून दोन्ही वेळा परत गेले. तिसऱ्या वेळी पाहा, आकाश किती उशिरा येते ते."

मी पाहिले. तिचा चेहरा त्यात कोठेही नव्हता, आणि तिने काय केले हे मात्र आकाशाच्या त्या दोन तुकड्यांत पूर्ण लिहिलेले होते. माझ्या नेटक्या चौकटीत होडीचा पिवळा तळ होता. इतकी वर्षे प्रथमपुरुषी निवेदनावर व्याख्याने देऊनही हे वाचन मला सुचले नव्हते.

व्यासांनी धृतराष्ट्राला युद्ध पाहण्यासाठी दृष्टी देऊ केली होती. आप्तांचा वध पाहणे रुचत नाही असे सांगून त्याने ती नाकारली आणि ऐकणे पत्करले. वर्गात हा प्रसंग आला की मी त्याच्या पळपुटेपणावर थोडे बोलत असे. आता तितक्या उत्साहाने बोलवत नाही. तो निदान संजयाच्या आड आला म्हणून कोणावर रागावला नव्हता.

शेवटी हेल्मेटवर बसणारा, एकाच भिंगाचा, साधा कॅमेरा घेतला. पाण्यात पडला तर तरंगावा म्हणून त्याला केशरी रंगाचा फुगीर तुकडा जोडून घेतला. त्याची बैठक दोरात अडकली तर मान हिसकून न जाता बैठकच सुटून यावी, एवढी एक अट मी घातली होती. दुकानदाराला ती चमत्कारिक वाटली, प्रशिक्षकाला नाही. स्थिरीकरण बंद ठेवायचे, हे मुलीने ठरवले. माझा जुना कॅमेरा मी कपाटात ठेवला. काठावर कॅमेरा तिपाईवर उभा करता येईल, असे तिने सुचवून पाहिले. पण तिपाई असली की मी तिच्याकडे वळणार, हे मला ठाऊक होते.

नोव्हेंबरात आम्ही पुन्हा गेलो. आदल्या दिवशी दोन तास प्रशिक्षकाने मला वाळूवर दोराची पिशवी फेकायला शिकवले. दोराचे टोक एका हातात पक्के धरायचे, नाव घेऊन मोठ्याने हाक मारायची, आणि पिशवी माणसाच्या पलीकडे टाकायची, म्हणजे दोर त्याच्या अंगावरून जातो. वीसेक फेकींपैकी सहा बऱ्या पडल्या. "सरजी, सहा पुष्कळ झाल्या, मी आहेच," असे म्हणून त्याने मला खडकावर माझी जागा दाखवली. सकाळी पाण्यात उतरण्यापूर्वी मुलीने कॅमेऱ्याचे भिंग जिभेने चाटले. थुंकीमुळे पाण्याचे थेंब काचेवर गोळा होऊन राहत नाहीत, पसरून जातात; हा उपाय लाटांवर फळी चालवणाऱ्यांकडून आलेला. मग ती निघाली. मी पाहत होतो, आणि मधे काच नव्हती, त्यामुळे प्रथमच मला प्रवाहाचा आवाज एवढा मोठा वाटला. त्या दिवशी होडी उलटली नाही.

संध्याकाळी तंबूत बसून आम्ही तिची चित्रफीत पाहिली. चित्र इतके हिंदकळत होते की माझे डोके दुखू लागले. 'गोल्फ कोर्स' आला, लाटा बांधाएवढ्याच दिसल्या. तिने एके ठिकाणी चित्र थांबवले आणि डाव्या कोपऱ्यावर बोट ठेवले. रुंद भिंगाने दूर लोटलेल्या खडकावर काडीएवढा एक माणूस किंचित वाकून उभा होता. एक हात मागे, हातात लाल पिशवी, तोंड उघडे. मी हाक मारल्याचे मला आठवत नव्हते.