कुंडमचा वर्षावास

जबलपूरहून डिंडोरीकडे जाणाऱ्या रस्त्यावर कुंडम हे तहसिलीचे गाव लागते. भोवती साल आणि मोहाची झाडे, उतारावर कोदो-कुटकीची शेते, आणि वस्ती बहुतांशी गोंड समाजाची. याच परिसरात हिरन नदी उगम पावते व पुढे नर्मदेला जाऊन मिळते. १९८४ साली शाळेतील नोकरीच्या निमित्ताने मी येथे आले, तेव्हा माझ्याबरोबर वृद्ध आई होती आणि सामानात पुस्तकांची एक पेटी. गावात विहार नव्हता, भिक्षू नव्हते, पौर्णिमेला एकत्र जमतील अशी आमची चार घरेही नव्हती. धर्म म्हणजे देऊळ, पुरोहित आणि यात्रा असे मानले, तर कुंडममध्ये आम्हांला धर्मच नव्हता. परंतु जे आमच्या वाट्याला आले होते ते मुळातच घरात नांदण्यासारखे होते, हे मला याच गावाने शिकविले.

माझे आजोबा भंडाऱ्याकडून गोंदिया-नैनपूर-जबलपूर या अरुंद मार्गाच्या रेल्वेने आले आणि जबलपूरचेच झाले. वडील तोफगाडीच्या कारखान्यात कामगार होते. १४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपूरला धम्मदीक्षेसाठी ते गेले, तेव्हा नागपूर ही त्यांच्याच राज्याची राजधानी होती. पुढल्या अठरा दिवसांत, १ नोव्हेंबरला, राज्यांची पुनर्रचना झाली. नागपूर मुंबई राज्यात गेले आणि जबलपूर नव्या मध्यप्रदेशात राहिले. ६ डिसेंबरला बाबासाहेब गेले. जुना धर्म सुटलेला, नव्या धर्माचा मार्गदाता हरपलेला, आणि ज्या शहरात हे सारे घडले ते आता दुसऱ्या राज्यात. आमच्यासारख्या कितीतरी मराठी कुटुंबांची ही स्थिती होती. अशा वेळी माणसे एकतर जुन्या वाटेने परत जातात, नाहीतर घरातच काही नेम धरतात. वडिलांनी नेम धरला.

त्यांचा नेम साधा होता. सकाळी कारखान्यात जाण्यापूर्वी त्रिशरण आणि पंचशील; रात्री जेवणानंतर 'भगवान बुद्ध आणि त्यांचा धम्म' या ग्रंथातील एक प्रकरण. मूळ इंग्रजी ग्रंथ १९५७ साली, बाबासाहेबांच्या निधनानंतर, प्रसिद्ध झाला. वडिलांना इंग्रजी येत नव्हते. भदन्त आनंद कौसल्यायन यांचा हिंदी अनुवाद हाती आला, तो त्यांनी वर्षानुवर्षे वाचला. मराठी अनुवाद १९७० नंतर घरात आला. आठ खंड, खंडांचे भाग, भागांची प्रकरणे, आणि प्रकरणांतील प्रत्येक विधानाला क्रमांक. लहानपणी मला या क्रमांकांचे नवल वाटे. पुढे मी स्वतः शिकवू लागले तेव्हा ध्यानात आले की, थकून आलेल्या माणसाला आज कोठे थांबलो आणि उद्या कोठून आरंभ करायचा हे कळावे, अशी ती मांडणी आहे. हा ग्रंथ कपाटात पूजेसाठी ठेवण्याकरिता रचलेला नाही. तो हप्त्याहप्त्याने पचविण्यासाठी रचलेला आहे.

या ग्रंथाच्या पाचव्या खंडात बाबासाहेबांनी एक कठोर निरीक्षण नोंदविले आहे. भिक्षू होणाऱ्याला संघदीक्षा होती. परंतु घरी राहून धम्म स्वीकारणाऱ्यासाठी स्वतंत्र धम्मदीक्षा नव्हती. ही उणीव गंभीर होती आणि भारतातून बौद्ध धर्म लोपण्याच्या कारणांपैकी ती एक होती, असे त्यांचे मत होते. उपासकाला बांधून ठेवणारे काही नसल्यामुळे तो आज येथे तर उद्या तेथे जाई. नागपूरची दीक्षा आणि त्या बावीस प्रतिज्ञा यांचा उगम या विचारात आहे. त्याच खंडात 'गृहस्थांचा विनय' सांगणारा भागही आहे: धनवानाने कसे वागावे, गृहस्थाने कसे, मुलांनी, शिष्यांनी, पतिपत्नींनी, मालकाने आणि चाकराने कसे. भिक्षूला विनय असतो, मग संसारी माणसाला का नसावा, हा त्यामागचा प्रश्न आहे. दीक्षा एका दिवसात होते. विनय मात्र आयुष्यभर घरातच पाळावा लागतो.

कुंडमला आल्यावर वडिलांचा नेम मी चालू ठेवला. आषाढ पौर्णिमेपासून आश्विन पौर्णिमेपर्यंत भिक्षूंचा वर्षावास असतो. त्या तीन महिन्यांत महाराष्ट्रातील वस्त्यावस्त्यांतून या ग्रंथाचे सामुदायिक वाचन चालते. आमच्या कौलारू खोलीत त्या समुदायाची संख्या दोन होती. पाऊस सुरू झाला की वीज जाई. कंदिलाच्या उजेडात मी वाचीत असे आणि आई भिंतीला टेकून ऐकत असे. तिला अक्षरओळख नव्हती. वंदनेची पाली गाथा मात्र तिला आरंभापासून अंतापर्यंत मुखोद्गत होती आणि माझा एखादा ऱ्हस्व-दीर्घ चुकला की ती मान हलवी. पौर्णिमा, अमावस्या आणि दोन्ही अष्टम्यांना ती पांढरे लुगडे नेसून अष्टशील घेई, दुपारनंतर जेवत नसे आणि रात्री जमिनीवर निजे. मागील पिढीतील स्त्रियांनी उपवासाची सवय उपोसथात अशी अलगद आणून ठेवली, की जुने मोडल्याचा आवाजही झाला नाही.

एके दिवशी वंदना संपल्यावर तिने मला विचारले, "बाई, हे रोज म्हनतेस ते म्हनायचं म्हनून म्हनतेस, का समजून म्हनतेस?" प्रश्न माझ्यासाठी होता तितकाच तिच्या स्वतःसाठीही होता. त्या रात्री आम्ही पंचशिलाचा एकेक शब्द सोडवीत बसलो. 'वेरमणी' म्हणजे परावृत्त राहणे. 'सिक्खापद' म्हणजे शिक्षणाची पायरी. 'समादियामि' म्हणजे मी आपण होऊन स्वीकारतो. म्हणजे कोणी आज्ञा देत नाही आणि कोणी शिक्षाही करीत नाही. माणूस स्वतःला विद्यार्थी म्हणवून घेतो आणि पायरीवर पाऊल ठेवतो. आईने हे ऐकून बराच वेळ काही म्हटले नाही. नंतर म्हणाली, "म्हंजे मीबी शाळेत जातेच की." आयुष्यभर शाळेची पायरी न चढलेल्या बाईने हा अर्थ ज्या सहजतेने उचलला, तसा तो मी कोणत्याही टीकाग्रंथात वाचलेला नाही.

परंतु शब्दाचा अर्थ समजणे वेगळे आणि तो शेजारधर्मात उतरविणे वेगळे. पाचवे शील मद्यापासून परावृत्त राहण्याचे आहे. कुंडमच्या गोंड घरांत मात्र मोहाची दारू ही केवळ नशेची वस्तू नव्हे. जन्म, लग्न, मरण, कोणताही प्रसंग असो, पहिले थेंब जमिनीवर पूर्वजांसाठी सांडले जातात आणि मग द्रोण हातोहात फिरतो. शेजारच्या घरी नातू जन्मला तेव्हा तेथील म्हातारी मोठ्या मायेने द्रोण घेऊन आमच्या दारी आली. नाही म्हणावे तर तिच्या पूर्वजांचा अवमान. घ्यावे तर स्वीकारलेल्या शिलाचा. आईने तिला पाटावर बसविले, बाळाची चौकशी केली आणि मग म्हणाली, "मी जिभेला एक वचन देल्लं हाये, तू मले मोहाची फुलं दे, मी त्याचं गोड करून तुह्याच घरी आनतो." म्हातारी हसली आणि दुसऱ्या दिवशी टोपलीभर वाळलेली फुले घेऊन आली. त्या वर्षापासून त्या दोघींत मोहाची देवघेव चालू राहिली, ती फुलांचीच. शील हे स्वतःला तपासण्याचे साधन आहे, शेजाऱ्याला कमी लेखण्याचे नव्हे, हे मला ग्रंथाने सांगितले होते. ते कसे करावयाचे, हे आईने दाखविले.

याच काळात मी रूपनाथला जाऊन आले. तेव्हा ते ठिकाण जबलपूर जिल्ह्यात मोडत असे. १९९८ पासून ते कटनी जिल्ह्यात आहे. बहोरीबंदजवळ कैमूरच्या पायथ्याशी राम, लक्ष्मण आणि सीता यांच्या नावांची तीन कुंडे आहेत आणि तेथेच एका शिळेवर सम्राट अशोकाचा लघुशिलालेख कोरलेला आहे. या लेखात चक्रवर्ती राजा आपल्या साधनेचा हिशेब देतो. अडीच वर्षांहून अधिक काळ आपण बुद्धाचे अनुयायी होतो, परंतु फारसा उद्यम केला नाही. संघाच्या सान्निध्यात आल्यावर, वर्षभराहून अधिक काळ, नेटाने उद्यम केला, असे तो सांगतो. रूपनाथच्या पाठात अनुयायासाठी 'शाक्य' या अर्थाचा शब्द आहे, तर इतर काही ठिकाणच्या प्रतींत 'उपासक' आहे. पुढे तो म्हणतो की, हे फळ केवळ थोरांसाठी नाही, लहान माणसालाही उद्यमाने ते मिळते. उपासक म्हणविणे आणि उपासक होणे यांतील अंतर तेवीसशे वर्षांपूर्वी एका राजाने जाहीरपणे मोजले आणि ते आमच्या डोंगरात कोरून ठेवले, याचे मला आजही अप्रूप वाटते. ते अंतर त्याने शब्दांनी भरून काढले नाही. वर्षांनी आणि उद्यमाने भरून काढले.

अशोकाने अभ्यासक्रमही आखून दिला होता. राजस्थानातील बैराट येथे सापडलेल्या आणि आता कोलकात्याच्या एशियाटिक सोसायटीत असलेल्या लेखात त्याने सात धम्मपर्यायांची नावे दिली आहेत. भिक्षू आणि भिक्षुणींनी ते वारंवार ऐकावेत, त्यांवर चिंतन करावे, आणि उपासक-उपासिकांनीही तसेच करावे, अशी इच्छा त्याने व्यक्त केली आहे. गृहस्थांसाठी वाचनाची याहून जुनी यादी माझ्या पाहण्यात नाही. त्या यादीतील शेवटचा पर्याय राहुलाला असत्यासंबंधी केलेला उपदेश आहे. मज्झिमनिकायात तो आढळतो. पाय धुऊन झाल्यावर भांड्यात उरलेले थोडेसे पाणी दाखवून बुद्ध मुलाला सांगतात की, जाणूनबुजून खोटे बोलताना ज्याला लाज वाटत नाही त्याचे श्रामण्य एवढेच थोडे असते. मग ते पाणी फेकतात, भांडे पालथे करतात, पुन्हा उताणे करून रिकामे दाखवतात. आणि विचारतात, आरसा कशासाठी असतो? पाहण्यासाठी. तसेच प्रत्येक कृती करण्यापूर्वी, करीत असताना आणि केल्यानंतर तपासून पाहावी. कायेची, वाणीची आणि मनाची.

हा उपदेश आईला फार आवडला. निजण्यापूर्वी ती दिवसातील तीन गोष्टी आठवी: एक हाताची, एक तोंडाची, एक मनाची. पुष्कळदा ती मोठ्याने सांगे, कधी सांगत नसे. मी विचारीत नसे. आमच्या घरातील अभ्यासाची हीच खरी परीक्षा होती आणि तिचे परीक्षक प्रत्येकाचे प्रत्येक होते.

ध्यानाविषयी आमच्या लोकांत दोन मते आहेत. काहींना वाटते की, डोळे मिटून बसल्याने समाजाचे प्रश्न सुटत नाहीत. काहींना वाटते की, डोळे न मिटता केलेला अभ्यास कोरडा राहतो. ब्रह्मदेशात लेडी सयाडो यांनी गृहस्थांना ध्यानाचा मार्ग मोकळा केला, आणि त्याच परंपरेतील ऊ बा खिन हे स्वतंत्र ब्रह्मदेशाचे महालेखापाल असताना लोकांना विपश्यना शिकवीत. त्यांचे शिष्य सत्यनारायण गोएंका १९६९ साली भारतात आले आणि १९७६ साली इगतपुरीला केंद्र उभे राहिले. सकाळी एक तास आणि संध्याकाळी एक तास घरी बसावे, असे ते सांगत. नोकरी आणि चूल सांभाळणाऱ्या बाईला दोन तास ही चैन वाटते. मी अर्धा तास धरला, आणि तो अर्धा तास वाचनाच्या आड येऊ दिला नाही, की वाचनाला त्याच्या आड येऊ दिले नाही. नेमाचेही एक भय असते. व्रतांना आणि विधींना चिकटून राहणे हे बुद्धाने बंधनांतच गणले आहे. ज्या दिवशी पठण केवळ तोंडपाठ होते, त्या दिवशी आईचा तो प्रश्न पुन्हा विचारावा लागतो.

आई १९९७ साली गेली. मी निवृत्त होऊन जबलपूरला परतले. भावाची मुले हिंदीत शिकली, नातवंडे इंग्रजीत. वडिलांची मराठी त्यांच्या कानावरून जाते, डोळ्यांना ती वाचवत नाही. सुरुवातीला मला याचे दुःख होई. आता पौर्णिमेला ती मुले हैदराबादहून आणि पुण्याहून दूरध्वनी करतात. एकजण हिंदीतून एक प्रकरण वाचतो, दुसरी इंग्रजीतून त्याच क्रमांकाचे विधान पडताळून पाहते, आणि मी मराठी प्रत उघडून बसते. ग्रंथातील ते क्रमांक तिन्ही भाषांत एकच आहेत. धाकटी नात मध्येच थांबून विचारते, "आजी, हे असंच का?" आणि मग वाचन तेथेच राहते, चर्चा चालते.

विहार बांधावेत, भिक्षू असावेत, जयंतीला मिरवणुकाही निघाव्यात. या सर्वांची गरज आहे. परंतु जेथे यांतले काहीच नाही अशा गावी धम्म टिकतो की नाही, यावर त्याचे बळ ठरते. कुंडमला आमच्यापाशी एक पुस्तक, एक कंदील आणि एक न शिकलेली विद्यार्थिनी एवढेच होते. पावसाळ्याच्या तीन महिन्यांसाठी ते पुरले. मग बाकीच्या नऊ महिन्यांनाही पुरले.