ओट्याची उंची

34 इंचांच्या ओट्यावर पोळी लाटता येते; भाकरी थापायची तर जीव जातो. पटत नसेल त्याने एकदा ज्वारीचं पीठ मळून बघावं. गव्हासारखा चिकटपणा ज्वारीत नाही, त्यामुळे पीठ तळहाताने रगडून रगडून एकजीव करावं लागतं, आणि त्यासाठी अंगाचा भार हातावर यावा लागतो. ओटा उंच असला की खांदे वर चढतात, भार काही उतरत नाही, आणि परातीतली भाकरी कडेने चिरत जाते. बाजूला तवा असतो तो शेगडीवर, म्हणजे ओट्यापेक्षाही पाच-सहा इंच वर. भाकरी तव्यात टाकायची आणि वरून पाण्याचा हात फिरवायचा, तर बुटक्या बाईला टाचा उचलाव्या लागतात.

आमचा फ्लॅट बजाजनगरात, वाळूज एमआयडीसीला लागून. तालुका गंगापूरच, पण खुद्द गंगापूरच्या माणसाला हे शहर वाटतं. 1985 मध्ये बजाजचा कारखाना इथे सुरू झाला, मागोमाग इतर कंपन्या आल्या, खेड्यापाड्यांतली पोरं कामाला लागली आणि त्यांच्या संसारांसाठी आधी रो-हाऊस, मग इमारती उभ्या राहिल्या. अशाच एका इमारतीत आमचा हॉल आहे आणि त्याच हॉलच्या एका अंगाला जेमतेम सात बाय आठ फुटांचं स्वयंपाकघर. मध्ये भिंत नाही. बिल्डरच्या कागदावर याला ‘ओपन किचन’ म्हणतात. माझ्या मते त्याने एक भिंत वाचवली. ओटा काळ्या कडाप्प्याचा, खाली उघडे कप्पे आणि सिलिंडरपुढे दोरीवरचा पडदा. पाहुणे आले की खरकट्या भांड्यांसकट सगळा संसार त्यांच्या नजरेसमोर.

ट्रॉल्या करून घ्यायचं ठरलं तेव्हा मिस्त्री मोबाइलवर फोटो घेऊन आले. पांढरीशुभ्र कपाटं, ओट्यावर एक फुलदाणी, शेजारी हिरवी सफरचंदं. तेलाचा बुधला कुठल्याच फोटोत नव्हता. ‘‘ओटा 34 इंच, स्टँडर्ड आहे ताई,’’ असं म्हणून त्यांनी भिंतीवर पेन्सिलीने रेघसुद्धा मारली.

आत्याबाई, म्हणजे माझ्या सासूबाई, तेव्हा गंगापूरहून आलेल्या होत्या. वर्षातले निम्मे दिवस त्या आमच्याकडे असतात आणि असतात तोवर भाकरी त्याच करतात. उंची पाच फुटांच्या आतच. रेघेपाशी जाऊन त्या उभ्या राहिल्या, कोपर रेघेला लावून बघितलं आणि म्हणाल्या, ‘‘दादा, तुमच्या घरी भाकरी कोण करतंय?’’

‘‘मंडळी करतात.’’

‘‘मग तिला इचारून या.’’

मिस्त्री हसले, पण माणूस समजूतदार. त्यांनीच खालून विटा आणल्या, दोन थप्प्या रचल्या, वर फळी टाकली. आत्याबाईंनी परात ठेवून खरंच पीठ मळायला घेतलं. एकेक वीट काढत गेलो. उंची कमी होत गेली तसे त्यांचे खांदे खाली आले, बांगड्यांचा आवाज बदलला, थापटी एका लयीत पडायला लागली. 28 इंचांवर त्या म्हणाल्या, ‘‘आता ऱ्हाऊ द्या.’’ त्याच फळीवर मी उभी राहिले. मी त्यांच्याहून चार बोटं उंच. मला थोडं वाकावं लागलं, पण भाकरीपुरतं चाललं.

असा आमचा ओटा दोन पायऱ्यांचा झाला. शेगडी आणि परातीची जागा 28 इंचांवर, सिंक आणि भाजी चिरायची जागा 34 वर. सिंक उंचच हवं, कारण तिथे हात चालतात ते ओट्यावर नाही, भांड्याच्या तळाशी, आठ इंच खाली. बुटक्या ओट्याला सिंक बसवलं की घासणारीची कंबर गेलीच. सिलिंडरही उंच भागाखालीच ठेवावा लागला. रेग्युलेटर चढवल्यावर तो बुटक्या भागात नीट मावेना. दाराला मिस्त्री वरच्या बाजूला जाळी लावणार होते, ती मी खाली लावून घेतली. स्वयंपाकाचा गॅस हवेपेक्षा जड असतो, गळला तर जमिनीलगत साचतो. वरची जाळी नुसती शोभेची.

पाश्चात्त्यांनाही हे कोडं शंभर वर्षांपूर्वी पडलं होतं. 1926 मध्ये मार्गारेटे शुट्टे-लिहोट्स्की या वास्तुरचनाकार बाईंनी फ्रँकफुर्टमधल्या कामगारांच्या घरांसाठी 1.9 बाय 3.4 मीटरचं स्वयंपाकघर आखलं. किती पावलं पडतात, काय कुठे ठेवलं की कष्ट वाचतात, याचा हिशेब करून केलेलं ते काम, आणि अशी हजारो स्वयंपाकघरं बांधली गेली. पुढे या बाईंनीच सांगितलं, की ते आखण्यापूर्वी आपण कधी घर चालवलं नव्हतं. मिस्त्रींना मी हे सांगितलं तेव्हा त्यांना फार बरं वाटलं.

गंगापूरच्या जुन्या घरात माळवदाखाली चूल होती, चुलीला वैल, मागे भानवस. आत्याबाई पाटावर बसल्या की पीठ, पाणी, तवा, दुरडी सगळं हाताशी. उठायचं काम नाही. ओट्याच्या उंचीचा प्रश्नच नव्हता. मात्र धुराने डोळ्यांची जी दशा झाली तीही त्या चुलीनेच, त्यामुळे त्या स्वयंपाकघराचे गोडवे गाणाऱ्यांना आत्याबाई सरळ गप्प करतात.

धुराचा प्रश्न इथेही होताच, फक्त तो चुलीचा नव्हता, फोडणीचा होता. आमच्याकडे आठवड्यातून दोनदा तरी हिरव्या मिरच्या तव्यावर भाजून ठेचा होतो. मध्ये भिंत नसली की ठसका आधी सोफ्यावरच्या माणसाला लागतो. दुकानात नळीशिवायची चिमणी स्वस्त आणि सुटसुटीत म्हणून दाखवतात. ती हवा कोळशाच्या जाळीतून गाळून पुन्हा घरातच सोडते. वास थोडा मरतो, वाफ आणि उष्णता जागेवरच. आम्ही नळी खिडकीतून बाहेर काढली, तीही कमीत कमी वळणं देऊन, कारण प्रत्येक वळणाला ओढ कमी होते.

पण खरी अडचण निघाली कूलरची. एप्रिल-मे महिन्यांत इथे पारा चाळिशीच्या वर जातो आणि कूलरशिवाय घरात बसवत नाही. कूलरचा झोत थेट शेगडीवर आला की ज्योत फडफडते आणि धूर चिमणीकडे न जाता भलतीकडेच पळतो. मिस्त्रींचं म्हणणं पडलं, पूर्ण काचेचं सरकतं पार्टिशन करा. त्याला मी ठाम नाही म्हटलं. उन्हाळ्यात सगळं घर गार हवेत आणि भाकरी करणारी तेवढी काचेआड भट्टीत, हे आम्ही आधीच्या भाड्याच्या घरात बघितलं होतं. मग फक्त शेगडीच्या हॉलकडच्या बाजूला दीड फूट उंचीची जाड टफन काच उभी केली. कूलर हॉलच्या खिडकीला, समोर स्वयंपाकघराची खिडकी सताड उघडी. हवा हॉलमधून शिरते, रांधणारीच्या अंगावरून जाते आणि ठसका घेऊन बाहेर पडते. ज्योत काचेमागे शाबूत. पावसाळ्यात कूलर बंद असतो तेव्हा सगळी भिस्त चिमणीवर, आणि चिमणी काही ठेच्यापुढे पूर्ण टिकत नाही.

ट्रॉल्यांबद्दल फार सांगण्यासारखं नाही. सिंकखाली लाकूड नकोच म्हटलं, तिथे पीव्हीसी बोर्ड लावला. स्टीलच्या दुकानात लोहचुंबक लावून दाखवतात, चिकटत नाही म्हणजे 304. स्वस्तातल्या 202 लाही ते सहसा चिकटत नाही, तेव्हा त्या खेळावर जाऊ नये, बिलावर ग्रेड लिहून घ्यावी. आमच्याकडच्या क्षारांच्या पाण्यात हलकं स्टील लवकर डाग धरतं.

पाण्याला मात्र जागा राखावी लागली. जायकवाडी एवढं जवळ, तरी शहरात नळाला आठ-आठ दिवस पाणी नाही हे सगळ्यांनी भोगलंय. पाणी भरून ठेवायची सवय इथल्या कुठल्याच बाईची जात नाही. म्हणून एका कोपऱ्यात कपाट केलंच नाही. तिथे स्टीलचं पिंप आणि खिडकीच्या वाऱ्यावर तिवईवर माठ. फोटोतल्या स्वयंपाकघरात असा कोपरा नसतो, आणि मिस्त्री शेवटपर्यंत ‘‘इथे एक युनिट बसलं असतं’’ म्हणून हळहळत होते.

आवाजाचं तेवढं काही जमलं नाही. हे रात्रपाळी करून सकाळी हॉलमध्येच झोपतात आणि नेमक्या तेव्हा शेंगदाण्याच्या चटणीसाठी मिक्सर लागतो. कुकरची शिट्टी, भांड्यांची आदळआपट, परातीतली थापटी, सगळं थेट उशाशी. भाकरीच्या आवाजाने झोप मोडत नाही असं ते म्हणतात, मिक्सरने मोडते. आत्याबाईंनी त्यावर पाटा-वरवंटा काढला आणि बाल्कनीत मांडला. आता खालच्या मजल्यावरच्या काकू वर येऊन विचारतात, सकाळी सकाळी काय ठोकताय?